हिंग, जायफळ आणि कायोटीचं नाक

अमेरिकेच्या पश्चिमेचा ठाव घ्यायला निघालेल्या लुईस-क्लार्क मोहिमेचा मुक्काम पॅसिफिक किनाऱ्याजवळ फोर्ट क्लॅटसॉपमध्ये होता. तिथे 7 जानेवारी 1806 रोजी मेरिवेदर लुईसनं आपल्या रोजनिशीत एक कृती लिहून ठेवली. बीव्हर म्हणजे नदी-ओढ्यांत बांध घालणारा मोठा उंदीरवर्गी प्राणी. त्याच्या शेपटीच्या बुडाशी असलेल्या पिशव्यांमधला फिकट पिवळा, झाडाच्या सालीच्या भुकटीसारखा पदार्थ चार औंसांच्या रुंद तोंडाच्या बाटलीत काढायचा. त्यात अर्धं जायफळ, बारा-पंधरा ग्रेन, म्हणजे जेमतेम ग्रॅमभर, लवंग आणि तीस ग्रेन दालचिनी अगदी बारीक करून घालायची. मग कडक दारू घालत ढवळायचं, जेवताना घेतात त्या कालवलेल्या मोहरीइतकं दाटसर होईपर्यंत. लगेच वापरलं तरी चालतं, पण चार-पाच दिवस मुरलं की जोर वाढतो. हवा मात्र अजिबात लागू द्यायची नाही. एवढं जमलं तर बीव्हर मैलभरावरूनही वासावर येईल, असं लुईस छातीठोकपणे सांगतो.

श्रीखंडात पडणारं जायफळ बीव्हर पकडायला वापरलेलं वाचून गंमत वाटते. पण या बाटलीत मसाला दुय्यम आहे. खरं काम त्या पिशव्यांमधल्या पदार्थाचं, म्हणजे कॅस्टोरियमचं. बीव्हर आपल्या हद्दीत पाण्याच्या कडेनं चिखलाचे छोटे ढीग रचतो आणि त्यांवर कॅस्टोरियम सोडतो. इथे कोण राहतं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला त्यावरून कळतं. आपल्या हद्दीत परक्याचा असा वास आला की घरधनी तपासायला येतोच. भुकेशी त्याचा काही संबंध नसतो.

सापळ्यासाठी वास निवडण्याची सगळी विद्या या एका मुद्द्याभोवती फिरते. जनावराला आवडेल असा वास शोधत बसलात तर चुकता. आधी ठरवायचं ते हे, की कोणत्या जनावरानं, कोणत्या दिवसांत, तिथे येऊन नेमकं काय करायला हवं आहे.

उत्तर अमेरिकेत फरसाठी, मेंढ्या-कोंबड्या राखण्यासाठी आणि संशोधनासाठी आजही सापळे लावले जातात, आणि त्यात सगळ्यात जास्त डोकं खाणारं जनावर म्हणजे कायोटी. आपल्या कोल्ह्याहून थोराड, लांडग्याहून लहान, साधारण 10 ते 20 किलोचं. मूळचं गवताळ मैदानांतलं. माणसानं लांडगे मारून रान मोकळं केलं तसं हे पसरत गेलं आणि आज अलास्कापासून पनामापर्यंत, शिकागो-न्यूयॉर्कसारख्या शहरांतसुद्धा सुखानं नांदतं आहे. दीडशे वर्षं गोळ्या, विष आणि सापळे झेलून ज्याचा मुलूख वाढतच गेला, ते जनावर एका बाटलीतल्या वासाला भुलेल अशी अपेक्षा जरा जास्तच आहे. तरीही वासाशिवाय काम होत नाही, कारण कायोटीचं जग नाकावर चालतं.

या धंद्यात आमिष आणि ल्युअर या दोन वेगळ्या गोष्टी धरतात. आमिष म्हणजे प्रत्यक्ष खाण्याची वस्तू, बहुतेक वेळा मुरवलेलं मांस. ल्युअर म्हणजे थेंबाथेंबानं वापरायचा वास. ल्युअरमध्येही घराणी आहेत. खाद्याच्या वासाचे ल्युअर असतात. त्यांत मासळीचं तेल सर्वांत जुनं. मासे बाटलीत भरून, झाकण सैल ठेवून उन्हाळाभर उन्हात टांगायचे आणि वर सुटलेलं तेल काढून घ्यायचं, ही पद्धत अजून चालते. शेजाऱ्यांशी संबंध बिघडवायचे असतील तर उत्तम. दुसरं घराणं ग्रंथींचं. त्याच जातीच्या जनावराच्या गुदग्रंथी वगैरे काढून, दळून, मुरवून केलेला हा ल्युअर म्हणजे परक्या कायोटीचं ओळखपत्रच. तिसरं मूत्र. गल्लीतलं कुत्रं विजेचा खांब हुंगून कोण आलं, कोण गेलं याचा हिशेब ठेवतं, तसाच कायोटीही ठेवतो. मूत्राच्या वासानं त्याला दुरून ओढून आणता येत नाही, पण जवळ आलेल्याची धास्ती थोडी उतरते, आणि तो थबकतो.

चौथं घराणं मला सगळ्यात रंजक वाटतं. निव्वळ कुतूहल चाळवणारे वास. इथे आपला हिंग येतो. अमेरिकी सापळेवाल्यांच्या जुन्या कृतींमध्ये हिंग जागोजागी आहे, सोबत अ‍ॅनिसचं तेल, व्हॅलेरियनची मुळी आणि कॅस्टोरियम. नेब्रास्काच्या माळावर हिंग उगवत नाही, आणि तिथल्या कायोटीच्या सात पिढ्यांनी वरणाची फोडणी हुंगलेली नाही. पण हिंगाचा दर्प गंधकाच्या संयुगांचा असतो. सडणाऱ्या मांसातूनही अशीच संयुगं सुटतात. त्यामुळे कायोटीला तो धड ओळखीचा वाटत नाही आणि धड अनोळखीही वाटत नाही. 'हे काय असावं' एवढा प्रश्न त्याच्या डोक्यात आला की काम झालं.

भोकासमोरचा एक पाय

आता प्रत्यक्ष सापळा कसा मांडतात ते पाहू, म्हणजे बाटल्यांमधला फरक कळेल. कायोटीसाठी सर्रास वापरतात ती मांडणी म्हणजे मातीतलं भोक. मूठभर रुंदीचं, तिरकं, वीतभर खोल. कोल्हा-कायोटी उरलेलं खाणं पुरून ठेवतात. या भोकावरून असं वाटावं की कोणीतरी घास पुरला आहे आणि माती नुकतीच उकरलेली आहे. भोकाच्या तळाशी मुरवलेल्या मांसाचा तुकडा, त्यावर लोकरीचा किंवा गवताचा बोळा, म्हणजे ते दिसत नाही आणि वास हळूहळू सुटतो. भोकाच्या ओठावर वाटाण्याएवढा ल्युअर. मागच्या गवताच्या झुबक्यावर मूत्राचे दोन-चार फवारे. सापळा भोकाच्या तोंडापुढे, थोडा एका अंगाला, चाळलेल्या मातीखाली. कायोटी नाक भोकाकडे नेतो तेव्हा त्याचा पुढचा पाय जिथे पडेल असा अंदाज असतो, तिथे.

या मांडणीत प्रत्येक वासाकडे वेगळं काम आहे. एक वाटेवरून वळवतो, एक थांबवतो, एक नाक खाली न्यायला लावतो. कायोटीची नेहमीची वाट कोणती आणि वारा कुठून वाहतो हे पाहून मांडणी वाटेच्या वाऱ्याकडच्या बाजूला करतात, म्हणजे वास वाहत वाटेवर येतो. हे चुकलं तर बाटलीत काहीही असो, कायोटी पाच हातांवरून निघून जाईल आणि त्याला पत्ताही लागणार नाही.

नवशिक्याचा हात इथेच सैल सुटतो. थोड्यानं काम होतं तर जास्तीनं जास्त होईल, असं वाटून तो अर्धी बाटली ओततो. फार कडक वास आला की कायोटी दूर उभा राहून हुंगतो, फेऱ्या मारतो, नाहीतर त्या जागेवर खांदा टेकून लोळतो. लोळणाऱ्या जनावराचा पाय सापळ्यावर पडत नाही. आणि ल्युअर लागलेल्या बोटांनी सापळा हाताळला तर कायोटी भोक सोडून सापळाच उकरून काढतो. म्हणून अनुभवी माणूस ल्युअरची बाटली आणि सापळे गाडीत वेगवेगळे ठेवतो, हातमोज्यांचेही दोन जोड ठेवतो.

वास वेगळा तशी वागणूकही वेगळी, हे अमेरिकी कृषी खात्याच्या संशोधकांनी बंदिस्त कायोटींवर पद्धतशीर पाहिलं आहे. युटाह राज्यात लोगनजवळ त्यांचं यासाठीचं केंद्र आहे. एखाद्या वासावर जनावर नुसतं हुंगतं, दुसऱ्यावर चाटतं-चावतं, तिसऱ्यावर घासतं आणि लोळतं. त्यामुळे 'सर्वांत चांगला ल्युअर कोणता' हा प्रश्नच अर्धवट आहे. पाय पडायला हवा असेल तर एक, दातांनी ओढायला हवं असेल तर दुसरा. कॅनडा लिंक्ससाठी तर उलट हिशेब. हे मांजर कुठे आहे ते शोधताना संशोधकांनी गालिच्याच्या तुकड्यांना खिळे लावून, त्यांवर कॅस्टोरियम आणि कॅटनिप या मांजरांना भुलवणाऱ्या वनस्पतीचं तेल चोळून ते झाडांना ठोकले. लिंक्स येऊन त्यावर गाल घासतं, खिळ्यांना केस अडकतात आणि केसांतल्या डीएनएवरून जात कळते. तिथे घासायला लावणारा वासच हवा होता.

ऋतू आणि गारठा

शरदात, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास, त्या वर्षीची पिल्लं आईबापांपासून फुटून निघतात. अननुभवी, भुकेली आणि अनोळखी मुलखात भटकणारी. त्यांना खाण्याचा आणि कुतूहलाचा वास पुरतो. कडक हिवाळ्यात सगळ्यांनाच भूक असते, तेव्हा आमिषाला जोर येतो. जानेवारी ते मार्च हा माजाचा काळ. जोड्या हद्दीवर डोळ्यांत तेल घालून असतात. या दिवसांत परक्या कायोटीच्या ग्रंथीचा आणि मूत्राचा वास जे करतो ते मासळीच्या तेलाला जमत नाही. शिवाय हंगाम सरत आला की एव्हाना वाचलेल्या जनावरांनी मातीतली भोकं पुरेशी पाहिलेली असतात. मग भोक टाळून नुसतं एक जुनं हाड किंवा गवताचा झुबका, त्यावर मूत्र आणि ग्रंथीचा एक थेंब, एवढ्यावरच भागवतात.

थंडीचं दुसरं दुखणं रसायनाचं आहे. वास म्हणजे हवेत उडालेले रेणू. तापमान उतरलं की ते कमी उडतात, आणि पाणी असलेला ल्युअर तर गोठूनच जातो. म्हणून त्यात ग्लिसरिन किंवा प्रोपिलीन ग्लायकॉल घालतात. ही दोन्ही गोठू देत नाहीत आणि वास धरूनही ठेवतात. बर्फाच्या जंगलातल्या मार्टेनसारख्या जनावरांना दुरून बोलवायचं तर स्कंकचा, म्हणजे शत्रूवर दुर्गंधी फवारणाऱ्या प्राण्याचा, अर्क लागतो. त्यातले थायोल, म्हणजे गंधकाची संयुगं, इतके तिखट असतात की हवेच्या एक अब्ज भागांत दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला कळतात. एकदा ही बाटली गाडीत फुटली की गाडी विकायला काढावी, असं गमतीनं म्हणतात. उन्हाळी हवेत त्रास उलटा. मांस कुजून जातं, माश्या येतात, अळ्या पडतात. कुजणं हव्या त्या टप्प्यावर थांबवायला सोडियम बेंझोएट घालतात, तेच लोणची-सरबतांत परिरक्षक म्हणून असतं.

बाकीच्या जनावरांचं थोडक्यात. बॉबकॅट म्हणजे तिकडचं रानमांजर. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून वासासोबत वर एखादं पीस लटकवलं तर ते जास्त कामाला येतं. त्याला कॅस्टोरियमही आवडतं. रकून गोडघाशा. त्याला मार्शमॅलो पुरते, आणि तेच बरं, कारण मांस ठेवलं तर गावातली मांजरं येतात. मिंक या पाण्याकाठच्या छोट्या मांसाहाऱ्याला मासळी, आणि मस्क्रॅट नावाच्या पाणउंदराची कस्तुरी. पाणमांजरासाठी बरेच जण वास वापरतच नाहीत, त्याची पाण्यातून वर यायची ठरलेली वाट शोधतात. लाल कोल्ह्याच्या बाबतीत एक पेच आहे. कायोटी त्याला मारतो, त्यामुळे कायोटीच्या मूत्राचा वास आला तर कोल्हा बिचकण्याची शक्यता जास्त. दोघांसाठी एकच मांडणी करणारा माणूस बहुधा कोल्ह्याला मुकतो.

सडक्या अंड्याची गोष्ट

सापळेवाल्यांच्या घरगुती ल्युअरची अडचण अशी की प्रत्येक बाटली वेगळी. यंदाचा माल गेल्या वर्षीसारखा नसतो. धंद्याला ते चालतं, पण कायोटींची संख्या वाढली की घटली हे मोजायचं असेल तर चालत नाही. म्हणून 1970च्या दशकात अमेरिकी सरकारी संशोधकांनी आंबवलेल्या अंड्याचा एक पदार्थ हाताशी घेतला. तो मुळात माश्यांना आकर्षित करायला वापरला जायचा. कायोटींनाही तो भावला. त्यातून हवेत काय उडतं ते तपासून त्यांनी मेदाम्लांचं एक कृत्रिम मिश्रण बनवलं. ब्युटिरिक आम्ल त्याच कुटुंबातलं, खवट लोण्याला ज्याचा वास येतो ते. असं मिश्रण दरवेळी तंतोतंत सारखं बनवता येतं.

हे मिश्रण प्लॅस्टरच्या छोट्या चकतीत मुरवायचं, यार्डभर रुंदीचं वर्तुळ चाळलेल्या मातीनं सपाट करायचं आणि चकती मधोमध ठेवायची. अशी 50 वर्तुळं, दर 0.3 मैलावर एक, म्हणजे जवळपास 15 मैलांची रांग. दुसऱ्या दिवशी जाऊन मातीवर कोणाची पावलं उमटली ते मोजायचं. पश्चिमेकडच्या राज्यांमध्ये वर्षानुवर्षं अशा मोजण्या झाल्या. एकाही जनावराला न पकडता.

याच आंबवलेल्या अंड्याचा आणखी एक गुण त्यांच्या लक्षात आला. हरणं त्यापासून दूर पळतात. एकाच वासात मांसभक्षकाला जेवण दिसतं आणि हरणाला धोका. सडक्या अंड्याच्या भुकटीची हरीण-रोधक फवारणी अमेरिकेतल्या बागकामाच्या दुकानांत आजही मिळते. कायोटीचं मूत्रही तिथे हरणं पळवायला म्हणून विकतात, आणि कायोटी बोलवायला म्हणून सापळ्यांच्या दुकानात. बाटलीवरचा कागद तेवढा बदलतो.

आता या विद्येच्या मर्यादेकडे. ल्युअरला कोण फसतं? कॅलिफोर्नियात कॅमेरे लावून केलेल्या आणि 2003मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की हद्दीची मालकी असलेली मुख्य जोडी कॅमेऱ्यापुढे येतच नाही म्हणण्याइतकी कमी येते. माणसं कुठे वावरतात, काय करतात यावर ती पाळत ठेवून असते. कॅमेऱ्यात दिसतात ते तरुण आणि उपरे. त्याच राज्यात हॉपलंडच्या मेंढ्यांच्या रानात झालेल्या कामातून वेगळंच पुढे आलं होतं. मेंढ्या मारण्यात मोठा वाटा असतो तो पिल्लं वाढवणाऱ्या, हद्दीच्या मालक जोड्यांचा. दोन्ही शेजारी ठेवून वाचा. ज्याच्यासाठी सापळा लावला तो येत नाही, आणि ज्याचा काही गुन्हा नाही तो येतो. मेंढपाळ दहा कायोटी पकडून समाधानी होतो, आणि मेंढ्या मरतच राहतात. अशा जागी हद्दीच्या वासाचा ल्युअर खाण्याच्या ल्युअरपेक्षा बरा. तरीही माझं मत विचाराल तर मेंढ्यांबरोबर राखणीची कुत्री ठेवणं जास्त शहाणपणाचं.

नको तो येण्याचा प्रश्न याहून गंभीर. एम-44 नावाचं एक उपकरण अमेरिकेत कायोटींसाठी वापरलं जायचं. जमिनीत पुरलेली नळी, वर वासाचं आमिष, कायोटीनं दातांनी ओढलं की तोंडात सोडियम सायनाइड. वास पसरला की तो पत्ता पाहून जात नाही. 2017मध्ये आयडाहोतल्या पोकाटेलोजवळ एका मुलाचा हात त्याला लागला. मुलगा वाचला, सोबतचा कुत्रा मेला. 2023मध्ये केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्यानं आपल्या जमिनींवर हे उपकरण बंद केलं. युरोपीय संघात पाय पकडणाऱ्या सापळ्यांवर 1995पासून बंदी आहे, आणि कॅलिफोर्नियानं 2019मध्ये फरसाठी सापळे लावणंच थांबवलं. जिथे परवानगी आहे तिथेही अनेक राज्यांत उघडं मांस सापळ्याजवळ ठेवता येत नाही, कारण गरुड वरून पाहतात आणि उतरतात. मांस लोकरीच्या बोळ्याखाली दडवण्यामागे हेही एक कारण आहे.

भारतात 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच सापळा आणि फास येतात, त्यामुळे वरच्या कृती इथे कोणी करून पाहू नयेत. वास वापरून जनावर बोलावण्याची चर्चा मात्र महाराष्ट्रातही झाली, तीही गाजावाजा होऊन. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात 2003च्या सुमारास चित्त्यांपुढे 24 अत्तरं ठेवून पाहिली, त्यांत कॅल्विन क्लाइनच्या 'ऑब्सेशन फॉर मेन'शी ते सरासरी 11 मिनिटं रेंगाळले. पुढे ग्वाटेमालात जॅग्वारना कॅमेऱ्यापुढे थांबवायला तेच वापरलं. त्यातला एक घटक जवादी मांजराच्या कस्तुरीतल्या गंधासारखा आहे. 2018मध्ये यवतमाळ जिल्ह्यात टी-1, म्हणजे अवनी वाघिणीला पकडायची मोहीम चालू असताना हे अत्तर वापरण्याच्या बातम्या जगभर छापून आल्या. लोकांनी टिंगल केली. कल्पना हास्यास्पद नव्हती, पण अत्तर जनावराला थांबवतं, दुरून ओढून आणत नाही. शेकडो चौरस किलोमीटरच्या झुडपी रानात, माणसांची आणि वाहनांची वर्दळ चालू असताना, अत्तराच्या थोड्या थेंबांकडून फार अपेक्षा होती. 2 नोव्हेंबर 2018च्या रात्री ती वाघीण गोळीनं मेली.

वासाच्या या विद्येचा मला सर्वांत पटणारा वापर टेक्सासमध्ये झाला. तिथे दक्षिण भागात कायोटी आणि कुत्र्यांमध्ये रेबीज पसरला होता. 1995पासून विमानांतून लसीची पुडी असलेली, खाण्यासारखा वास येणारी आमिषं लाखोंनी टाकली गेली. कायोटीनं चावलं की पुडी फुटायची आणि लस तोंडात जायची. इथे गरज होती ती चावायला लावणाऱ्या वासाची, आणि तोच निवडला होता. कायोटींमधला तो रेबीज संपला, आणि 2007मध्ये अमेरिका कुत्र्यांकडून कुत्र्यांत पसरणाऱ्या रेबीजपासून मुक्त झाल्याचं जाहीर झालं. पूर्वेकडे रकूनसाठी मासळीच्या भुकटीची आमिषं अजून टाकतात. गोव्यातही हातात न सापडणाऱ्या मोकाट कुत्र्यांना रस्त्यावर आमिष देऊन लस पोचवता येईल का, याची चाचणी झाली आहे, आणि तिथेही पहिला प्रश्न हाच होता, की कुत्रं ते नुसतं हुंगून सोडतं की चावतं.